कोपराला सोसेल इतकं गरम

मी आजवर बऱ्याच गोष्टी मांडीवर घेऊन एसटीत बसले आहे. नाटकातले मुकुट, एक बाजाची पेटी, आणि एकदा तर जिवंत कोंबडी. (शाळेच्या नाटकात तिला काम होतं. ऐन वेळी तिनं पळ काढला आणि तिचं काम सहावीतल्या एका मुलीनं केलं. टाळ्या जास्त पडल्या.) पण या उन्हाळ्यात पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यात गेले तेव्हा मांडीवर जे होतं त्यानं माझी जी अवस्था केली, ती कोंबडीनंही केली नव्हती.

पांढरा, जाड भिंतींचा, दप्तराएवढा डबा. आत बर्फाच्या पिशव्या. मधोमध, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, माझ्या करंगळीएवढी काचेची कुपी. कुपीत पाण्यासारखं दिसणारं काहीतरी. डब्याच्या झाकणावर एक इवलंसं यंत्र आणि त्यावर आकडा. तो आकडा दोन आणि आठ यांच्या मध्येच राहिला पाहिजे, असं मुक्तानं मला बजावलं होतं. आठच्या वर गेला की संपलं.

मुक्ता माझ्या नणंदेची मुलगी. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची. वांग्याच्या शेतातून निघून पुण्याला शिकायला आली ती आमच्याच घरी राहिली, अजूनही राहते, आणि आता एका प्रयोगशाळेत पेप्टाइडं बनवते. पेप्टाइड म्हणजे काय हे तिनं मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा कंटाळून तिनं माझे केस सोडले आणि मला आरशासमोर बसवलं.

"मामी, हे बघ. कातडीच्या आत कोलॅजेन नावाचा दोर असतो. त्याच्यामुळं कातडी घट्ट राहते. तो तीन पेडांचा असतो, असा." तिनं माझी वेणी घातली. "भाजलं की वेणी सुटते." तिनं ती विस्कटली, जरुरीपेक्षा थोडी जास्तच. "कधी कधी शरीराला ती परत घालताच येत नाही. सुटलेले पेड तसेच लोंबत राहतात. मग आम्ही त्याच जातीचा एक आखूड पेड बनवतो, अगदी हुबेहूब नक्कल. तो त्या सुटलेल्या पेडांमध्ये जाऊन गुंफला जातो. मग नव्या कातडीला धरायला काहीतरी मिळतं."

"म्हणजे बदली नट!" मी आरशात टाळी वाजवली. "मुख्य नट आजारी. हा त्याचा अंगरखा घालून उभा राहतो, कोणाला पत्ता लागत नाही, आणि प्रयोग पार पडतो."

"तसंच काहीसं," मुक्ता म्हणाली. मग हळू आवाजात, "पार पडेलच असं मात्र नाही."

हळू आवाजात, कारण हा प्रयोग तिच्या आईच्या हातावर व्हायचा होता.

इंदू वन्सं, माझी मोठी नणंद. दहा महिन्यांपूर्वी गावातल्या पंगतीत वरणाचा गंज चुलीवरून उतरवताना कलंडला आणि त्यांचा उजवा हात भाजला. बाकीचा हात बरा झाला, पण मनगटाच्या घडीवर रुपयाएवढी जागा भरून येईना. हात वाकवला की ती फाटायची. मलमं झाली, पट्ट्या झाल्या. मांडीची कातडी काढून तिथं लावू, असं एका मोठ्या दवाखान्यात म्हणाले तेव्हा वन्सं "एक दुखणं पुरे हाय, मांडी कायले फोडता?" म्हणून तिथून उठूनच आल्या. दहा महिने त्यांनी भाकर थापली नव्हती. स्वतःची वेणीही घातली नव्हती.

बुलढाण्याच्या एक डॉक्टरीणबाई रीतसर परवानगी काढून मोजक्या रुग्णांवर हे औषध वापरून पाहत होत्या. त्यांनी वन्संचं नाव घेतलं. आईचाच हात म्हटल्यावर मुक्तानं उपचारात पडायचं नाही, कुपी घेऊनही जायचं नाही, असं तिच्या वरिष्ठांनी ठरवून दिलं. कुरिअरनं पाठवलेली पहिली कुपी चार दिवस उन्हात फिरून पोहोचली आणि टाकून द्यावी लागली. दुसरी तयार व्हायला वेळ गेला. आता हीही वाया गेली तर वन्संची जागा दुसऱ्या रुग्णाला जाणार होती. म्हणून हातोहात नेणारं भरवशाचं माणूस हवं होतं.

भरवशाचं माणूस म्हणून माझं नाव निघालं तेव्हा मी घरात दोन फेऱ्या मारल्या, ताठ मानेनं. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कोंबडी आठवते ना?"

चिखली

पुण्यात शेजारच्या सीटवरचा माणूस सात तास न बोलता बसू शकतो. त्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. जालना मागे पडलं की हा सभ्यपणा संपतो आणि माणसं सुरू होतात. माझ्या शेजारी धोतरातले एक आजोबा येऊन बसले. बसताक्षणी विचारलं, "काय हाय व बाई डब्यात?"

"औषध."

"कोणाले?"

"नणंदेला. हात भाजलाय."

"कोन्या गावची नणंद?"

दहा मिनिटांत निम्म्या गाडीला वन्संचं मनगट तोंडपाठ झालं. त्यानंतर जे घडलं ते पुण्याच्या गाडीत कधीच घडलं नसतं. सगळ्यांनी त्या आकड्यावर पाळत ठेवली. खिडकीबाहेर काळी उन्हाळी रानं भाजत होती, लोखंडी दांड्याला हात लागला तर चटका बसत होता, आणि मागून कोणीतरी दर थोड्या वेळानं विचारायचं, "बाई, किती झाला?" मी सांगायचे, "सहा." गाडीत समाधान. "सात." गाडीत चुळबुळ. क्रिकेटचा सामनाही इतका जिवाचा कान करून कोणी ऐकत नसेल.

चिखलीच्या अलीकडे गाडीपुढे म्हैस आली. ड्रायव्हरनं म्हैस वाचवली. डबा माझ्या मांडीवरून उडाला, दांड्यावर आपटला आणि आजोबांच्या मांडीत पडला. कुपी शाबूत होती, पण डब्याचा खालचा कोपरा तडकला आणि त्यातून बर्फाचं पाणी आजोबांच्या धोतरावर ठिबकू लागलं.

"अहो, माफ करा..."

"राहू द्या, राहू द्या," आजोबा डोळे मिटून म्हणाले. "लय ग्वाड लागून राह्यलं."

चिखलीच्या स्टँडवर गाडी धूर ओकत थांबली ती थांबलीच. आकडा पावणेआठ.  स्टँडसमोर रसवंती दिसली, तिकडं धावले. घुंगरांचा चरक फिरवणाऱ्या माणसाला एका श्वासात सगळं सांगितलं, हातवारे करून, अगदी मनगट फाटल्याच्या अभिनयासकट. त्यानं चरक थांबवला. गोणपाटाखालून बर्फाची लादी काढली, टोच्यानं फोडली आणि डबा गच्च भरून दिला. मी पर्स उघडली तर तो रागावलाच.

"ताई, औषधाचा बर्फ इकत नसतो मी. तो कोपरा गळून राह्यला, त्याचं पाहा."

त्यानंच सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून कोपऱ्याला आवळून बांधला. बांधणी भक्कम दिसत होती. दिसत होती, एवढंच म्हणते.

या सगळ्यात, दुसरी गाडी पकडून बुलढाण्याला पोहोचायला संध्याकाळ झाली आणि दवाखाना बंद झालेला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या कमी बोलणाऱ्या होत्या. "घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. उद्या अकरा वाजता पेशंटला घेऊनच या. अकरा म्हणजे अकरा. साडेअकराला मला ऑपरेशन आहे, आणि परवापासून मी बाहेरगावी." ठेवला फोन.

रोहिणखेड

बाबाराव भाऊजी, म्हणजे वन्संचे यजमान, भाजीचा टेम्पो घेऊन मला न्यायला आले होते. राजूर घाट उतरून, मोताळा ओलांडून रोहिणखेडला पोहोचलो. जुन्या काळ्या मशिदीच्या मागच्या वळणावर त्यांचं घर आहे. ओट्यावर वन्सं उभ्या होत्या, उजवा हात ओढणीच्या झोळीत. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना माझी नजर त्यांच्या वेणीवर गेली.

मी नाटकात पन्नास प्रकारच्या वेण्या घातल्या आहेत. ही त्यातली कुठलीच नव्हती. वरून बटा सुटलेल्या, मध्येच पीळ, आणि टोकाला केळीच्या सोपटाची, म्हणजे वाळल्या सालीची, गाठ.

"हसू नका वहिनी," वन्सं म्हणाल्या. "यायनं घातली. आयुष्यभर मेथीच्या जुड्या बांधल्या ह्या माणसानं, मलेबी तशीच बांधते. दोनच पेड घेते, तिसरा इसरून जाते."

"बाजारात माझी जुडी सुटत नाई कधी," भाऊजी टेम्पोतून म्हणाले.

"मी काय इकाले ठेवली काय?"

कुपी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या शेजारी गेली. मी फ्रिजच्या दाराला कागद चिकटवला: 'उघडू नये'. त्यावर वन्संनी विचारलं की मग उद्या दूध कुठून काढायचं, म्हणून खाली लिहिलं: 'दूध सोडून'.

जेवायला पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या, वर लालभडक तर्री. आमच्याकडे पाहुण्याला "अजून वाढू का?" असं विचारतात. इथं विचारायची पद्धत नाही, ताटाला जागा दिसली की ती भरतात. भाकरी मात्र शेजारच्या घरून आल्या होत्या. वन्संनी त्या माझ्या ताटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातची भाकर वाढतो पाव्हण्याले. दहा महिने झाले." एवढंच म्हणाल्या. 

नंतर त्यांनी विचारलं, "त्या शिशीत काय हाय, ते खरंच मुक्तीनं केलं?"

"तिच्याच हातांनी."

त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. दार उघडलं नाही. 'दूध सोडून' पाळलं.

सकाळी सातला मी उठून स्वयंपाकघरात आले. वन्सं अंघोळ करून, नवं लुगडं नेसून चुलीपाशी बसल्या होत्या. चुलीवर तांब्याच्या गंजात कडुलिंबाचा पाला टाकलेलं पाणी होतं. त्या पाण्यात, बंद पिशवीतली करंगळीएवढी कुपी निवांत तरंगत होती.

मी किंचाळले. खोटं कशाला सांगू, माझा आवाज शाळेच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो, तो मशिदीच्या पलीकडे गेला असणार.

"वन्सं! हे काय केलंत?"

"काय झालं? रोज सकाळी जखम धुवायचं पाणी करतो मी, अन् मलम त्याच पाण्यात ठेवतो. गार मलम लावलं की कळ जाते डोक्यात. आता हे मुक्तीचं औषध. म्हटलं, याले तरी गार कायले लावायचं?" माझं तोंड पाहून त्यांचा आवाज बदलला. "काऊन वहिनी? नव्हतं करायचं?"

भाऊजी धावत आले. मी मुक्ताला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि सांगितलं.  

"किती वेळ झाला?" मुक्तानं विचारलं.

"अर्धा तास असन," वन्सं म्हणाल्या.

"उकळलं का?"

"उकळू कशी देईन? कोपर बुडवून पाह्यलं ना. लहान लेकराच्या अंघोळीइतकं. कोपराले सोसन इतकं."

 मग मुक्ता अशा आवाजात बोलली की ती रडते आहे की हसते आहे, कळेना.

"मामी, मी तुला वेणीचं सांगितलं तेव्हा पुढचं ऐकलं होतंस का?"

खरं सांगायचं तर नव्हतं. त्या वेळी मी बदली नटावर खूश होऊन बसले होते. पुढचं असं होतं: थंडीत कुपीतले ते आखूड पेड आपसातच वेणी घालून झोपून जातात. लावायच्या आधी त्यांना ऊब देऊन सोडवावं लागतं. सुटे झाले तरच ते जखमेतल्या सुट्या पेडांचा शोध घेतात. ही ऊब डॉक्टरीणबाई दवाखान्यात देणार होत्या, यंत्रात, मोजून. वन्संनी ती चुलीवर दिली होती, कोपरानं मोजून.

"म्हणजे बिघडलं नाही?" मी ओरडले.

"पहिली कुपी चार दिवस तापली होती. ही अर्धा तास. बहुतेक नाही बिघडलं. पण आता परत गार करायचं नाही. गार झालं की पेड एकमेकांना वेडेवाकडे चिकटतात. एकदा जागं केलं की केलं. आहे तेवढंच ऊबदार ठेवायचं, जास्त नाही, कमी नाही, आणि आजच्या आज डॉक्टरांकडे पोहोचायचं."

"म्हणजे कोपराले सोसन इतकं," वन्सं म्हणाल्या.

"हो आई. तेवढंच."

"तुलेबी याच अंदाजानं धुतलं व आम्ही," भाऊजी फोनमध्ये ओरडले. "काही बिघडली नाईस!"

आता माझी बुद्धी चालली. जो डबा बर्फ गार ठेवतो, तो पाणी गरमही ठेवेल. कालपर्यंत बर्फानं भरलेला तो डबा आम्ही कडुलिंबाच्या कोमट पाण्यानं भरला, कुपी आत सोडली, झाकण लावलं. झाकणावरचं यंत्र असे आकडे दाखवू लागलं की ते पाहून शेवटी मी त्यावर रुमाल टाकला.

राजूर घाट

टेम्पोत पुढं आम्ही तिघं, मागे वांग्यांचे क्रेट. भाऊजी म्हणाले की एवीतेवी चाललोच आहोत, तर वांगी बुलढाण्याच्या बाजारात जातील. डबा माझ्या मांडीवर. मोताळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर माझ्या मांडीला ऊब लागली. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, की चिखलीची ट्यूब ढिली झाली होती आणि कडुलिंबाचं पाणी माझ्या साडीत मुरत होतं.

"वन्सं, पाणी चाललं!"

"पुढं राजूरले चहावाला हाय," भाऊजी म्हणाले, "तिथं गरम पाणी मागू."

राजूरच्या चहावाल्याचं दुकान बंद होतं. फळीवर खडूनं लिहिलेलं: 'लग्नाला गेलो आहे.'

घाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर आमच्यापुढचे ट्रक थांबले. भाऊजी उतरून पाहून आले. सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची, घरावर घर रचल्यासारखी भरलेली ट्रॉली वळणात तिरकी होऊन बसली होती. इकडची वाहनं इकडं, तिकडची तिकडं. कठड्यावर माकडं बसून आमच्याकडे पाहत होती, तिकीट काढून आल्यासारखी.

सव्वानऊ. डब्यात चार बोटं पाणी. वन्संनी डावं कोपर आत घातलं.

"उतरून राह्यलं वहिनी. याले कोमट म्हणता येत नाई आता."

त्यांच्या आवाजात काल रात्रीचाच, भाकर वाढतानाचा सूर होता. मी माझ्या आयुष्यात इतकी हतबल कधी नव्हते. काल मी बर्फासाठी हात पसरले होते, आणि आता भर उन्हाळ्यात, घाटात, मला कोणी वाटीभर गरम पाणी देईना. पाण्याच्या बाटल्या सगळ्यांकडे होत्या. सगळ्यांनी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून गार केलेल्या.

ट्रॉलीच्या पलीकडे एक जीप उभी होती. मोगऱ्याच्या माळा, आरशावर नारळ. देऊळघाटचं वऱ्हाड मोताळ्याला लग्नाला निघालेलं. जीपच्या मागच्या फळीवर तोटी लावलेलं स्टीलचं पिंप, आणि पिंपातून वाफ.

मी सांडलेल्या कुटारावरून धावले. अक्षरशः. चपलेत भुसा, केसांत भुसा.

"गरम पाणी आहे का? औषधासाठी हवंय!"

"पाणी नाई जी," करवलीसारखी नटलेली एक बाई म्हणाली. "चहा हाय. पेता का?"

मी मागे वळून पाहिलं. वन्सं डबा छातीशी धरून ट्रॉलीला वळसा घालत येत होत्या. वेणी सुटलेली, सोपट कुठंतरी पडलेलं.

"चहाच द्या," मी म्हणाले. "डबाभर."

मुक्तानं तीन वर्षं रात्रंदिवस राबून जे बनवलं ते मी वऱ्हाडाच्या चहात बुडवलं. पिशवी बंद आहे, कुपीचं सील पक्कं आहे, हे मी तीनदा पाहिलं. चहा चटके देण्याइतका गरम होता. वन्संनी कोपर बुडवलं, झटकन काढलं. "नाई. लेकरू पोळन." पुन्हा थांबलो. पुन्हा कोपर. अख्खं वऱ्हाड भोवती जमलं.

"काय व माय," करवली म्हणाली, "चहात कोपर बुडवून पेतात काय तुमच्याकडं?"

"ह्या पुण्याच्या हायेत," भाऊजी गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तिकडं असाच पेतात."

"तरीच," ती म्हणाली, आणि कोपराला लवकर सोसावं म्हणून तिनं वरून अर्धा पेला दूध ओतलं.

वन्संनी पुन्हा कोपर घातलं. या वेळी आतच राहू दिलं. डोळे मिटले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रंगमंचावर कधी आणू शकणार नाही. कोणी लहान मूल धरलेलं असावं, तसं काहीतरी. "हां," त्या म्हणाल्या. "आता बरोबर हाय."

वऱ्हाडातल्या आठ-दहा जणांनी, आमच्या बाजूच्या ट्रकवाल्यांनी आणि भाऊजींनी मिळून ट्रॉली ढकलली. ती हलेना. मग निम्मं कुटार रस्त्यावर उतरवलं. मग हलली. दहा वाजून गेले होते. माझ्या मांडीवरून चहा ओघळत होता आणि मी दर वळणावर म्हणत होते, "भाऊजी, जरा जोरात!" आणि वन्सं म्हणत होत्या, "जोरात नका नेऊ, सांडन!"

बुलढाणा

अकराला पाच कमी असताना आम्ही दवाखान्यात शिरलो. भुसा, चहा, कडुलिंब आणि घाम, असे चार वास आमच्याबरोबर आत शिरले असतील, आम्ही तिघेच असूनही.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं. वर साय धरली होती.

"हा चहा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"साखर घातलेला?"

"लग्नाचा आहे डॉक्टर. घातलेली असणारच."

त्या हसल्या नाहीत. चिमट्यानं पिशवी उचलली, धुतली, पुसली, कुपी उजेडात धरली. सील पाहिलं. कुपीतलं पाणी स्वच्छ होतं, काहीही खाली बसलेलं नव्हतं. "किती तापमानाला ठेवलं?"

मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी लुगड्याचा पदर सारून डावं कोपर पुढं केलं.

डॉक्टरीणबाईंनी ते कोपर नीट पाहून घेतलं. "मला प्रयोगशाळेशी बोलावं लागेल. बाहेर बसा." आणि दार बंद.

त्या बाकावर आम्ही वीस मिनिटं बसलो असू. त्यात मी घड्याळ किती वेळा पाहिलं ते विचारू नका. वन्सं हात झोळीत घालून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"लेकीनं केलं अन् मायच्या हातानं बिघडलं, तर कसं व्हईन वहिनी? ती मले काहीच म्हणणार नाई. तेच तर वाईट हाय."

"माझ्यामुळं बिघडलं म्हणा," मी म्हणाले. "मी पुढचं ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं." हे मी विनोदानं म्हणत नव्हते, आणि त्यांनाही ते कळलं. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला. भाऊजी इतक्यात एक वांगं घेऊन आले होते. कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते फिरवत उभे होते.

दार उघडलं.

"कुपी चालेल. त्यांना तापमानाची नोंद हवी होती. मी लिहिलंय, 'रुग्णानं हातानं तपासलं.'" पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "कोपर लिहायला रकाना नव्हता. या आत."

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. जखम साफ केली, कुपीतले थेंब एका बारीक पट्टीवर सोडले, पट्टी मनगटाच्या घडीवर ठेवली, वरून बांधलं. दहा महिने, दोन दिवस, एक म्हैस, एक ट्रॉली, आणि एवढंच.

"झालं?" वन्संनी विचारलं.

"आज झालं. पुढच्या कुप्या आता थेट माझ्याकडे येतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

वन्सं मनगटाकडे बघत होत्या. "कळ नाई आली," त्या म्हणाल्या. "कोमट लागून राह्यलं."

पुन्हा पुणे

परत येऊन दोन महिने झाले. साडीवरचे चहाचे डाग गेलेले नाहीत. मुक्तानं वन्संच्या मनगटाचा फोटो आरशाला लावला आहे, त्यात फाटक्या जागी फिकट गुलाबी, चकचकीत कातडी दिसते. मी तो फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि घाटाचा प्रसंग साभिनय करते. मुक्ता प्रत्येक वेळी मध्ये बोलते: एका हातावरून काही सिद्ध होत नाही, वन्संनी या दोन महिन्यांत हाताला विश्रांतीही दिली, बाकीच्या रुग्णांचं काय होतं ते पाहायचंय. तिचं बरोबर आहे. पण ती हे बोलताना फोटोकडे पाठ करत नाही.

परवा दुपारी वन्संचा फोन आला. आवाज दबका.

"वहिनी, एकट्या हाय ना? काल भाकर थापली मी. तीन थापल्या. हे शेतात गेल्ते तवा."

मी खुर्चीतून उठलेच. "फाटलं नाही?"

"नाई. वाकवला, वळवला, काहीच नाई. वेणीबी घालून पाह्यली, पाठीमागं हात नेऊन. येते घालता." मग, "पण लगेच सोडून टाकली. यायले सांगू नका बरं वहिनी. जखम भरली ते दिसतेच, पण हात अजून वळत नाई असंच समजतात. रोज सकाळी ओट्यावर बसून घालतात. आता कुठं तिसरा पेड जमून राह्यला त्यायले."

मी कोणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिलं ते एवढ्याच भरवशावर, की भाऊजी वांग्यांच्या भावापलीकडे काही वाचत नाहीत. तुम्ही कधी रोहिणखेडला गेलात, आणि मशिदीच्या मागच्या वळणावर, सकाळच्या वेळी, ओट्यावर एक माणूस जीभ दातांत धरून बायकोची वेणी घालताना दिसला, तर जरूर थांबा, पाणी मागा, पातोडी खा. फक्त तिच्या मनगटाकडे बघू नका.